अव्वाबरोबर गेलेला देव

आमच्या घरी देवघरातल्या देवापेक्षा गळ्यातला देव मोठा. प्रत्येकाचं आपापलं इष्टलिंग असतं. लहानपणी अय्या, म्हणजे आमचे जंगम स्वामी, ते गळ्यात घालतात. आवळ्याएवढं, काळंभोर, गुळगुळीत, चांदीच्या डबीत बंद. सकाळी आंघोळ झाली की डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, त्याला पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, त्याच्याकडं एकटक बघत बसायचं आणि परत डबीत घालून जेवायला मोकळं व्हायचं. पूजेआधी तोंडात घास नाही. ज्याचं लिंग त्याचं. नवऱ्याचं बायकोला चालत नाही, बापाचं लेकाला चालत नाही. माणूस गेलं की आम्ही जाळत नाही, खड्ड्यात बसवून माती देतो आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात ठेवतो. याला लिंगैक्य होणं म्हणतात.

हे सगळं मी आता इतकं बैजवार सांगतेय, पण वीस वर्षांची असताना हीच बाई लातूरच्या कॉलेजातून सुट्टीला उदगीरला आली ती पिशवीत लोहचुंबक घेऊन. प्रयोगशाळेतून मागून आणला होता. मागून म्हणजे न विचारता. अप्पा, म्हणजे माझे वडील, पूजा आटोपून उठत होते. मी माझ्या गळ्यातलं लिंग काढून पाटावर ठेवलं आणि त्याला चुंबक लावून दाखवला.

"अप्पा, बघा. चिकटत नाही."

"चिकटायला पायजे होतं का?"

"तसं नाही. म्हणजे यात कसलीही शक्ती नाही, हे सिद्ध झालं."

"चुंबकात हाय का शक्ती?"

"आहे की."

"मग ते घाल गळ्यात," अप्पा म्हणाले आणि टोपी घालून मोंढ्यात गेले.

मला वाटलं, म्हाताऱ्याकडं उत्तर नाही. म्हातारा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, सांगून टाकलं, "हिला आधी वाढत जा. हिची पूजा झालेली असती." सगळं घर पूजेसाठी ताटकळत बसलेलं आणि मी एकटी सकाळी आठला ताट पुढं ओढून भाकरी चावतेय, असं दृश्य सुट्टीभर चाललं. मी ते विवेकवादाचा विजय म्हणून मैत्रिणींना पत्रातून कळवलं. टोमणा समजायला मला पुढची तीस वर्षं लागली.

अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती; गाव त्यांना सावकार म्हणायचं. त्यांची सगळी अक्कल तळहातात होती. पोत्यातून मूठभर हरभरा काढायचा, हातावर दोनदा हलकेच झेलायचा आणि सांगायचं, "दोन उन्हं अजून पायजेत याला." पुढं ओलावा मोजायची यंत्रं आली, तरी शेतकरी आधी अप्पांच्या हाताला विचारायचे. त्याच हातावर रोज सकाळी एक तास देव बसायचा. त्या तासात अप्पा नव्हते असंच समजायचं. एकदा पूजेला बसलेले असताना आभाळ फाटल्यासारखं आलं, अंगणात पसरलेली तूर भिजायला लागली, हमाल ओरडून राहिले, अव्वा नऊवारी खोचून पोती ओढून राहिली, आणि अप्पा खांबाला टेकून तळहाताकडं बघत बसलेले. नंतर म्हणाले, "देवासमोर बसलेला माणूस उठत नसतो."

अव्वाची पूजा म्हणाल तर चुलीजवळ. एक भाकरी तव्यावर टाकायची, ती भाजेपर्यंत लिंग हातावर घ्यायचं, पाणी, भस्म, डोळे मिटले न मिटले, भाकरी उलटायची. अप्पांचं पूजेचं पाणी, बेल, धुतलेलं फडकं, सगळं तिनं आधी मांडून ठेवलेलं असायचं. मला कॉलेजच्या काळात हे दिसत नव्हतं असं नाही. पण मी त्यातून एवढाच निष्कर्ष काढला होता की अव्वा माझ्यासारखीच अर्धी नास्तिक असणार.

आता मुद्द्याचं सांगते. सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. अप्पा बहात्तरचे. मी पन्नाशीची, नांदेडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका झालं की माणसाला घरातल्या भांड्यांनाही रांगेत उभं करावंसं वाटतं. अव्वानं अंथरूण धरलं म्हणून मी रजा टाकून उदगीरला आले आणि आल्या दिवसापासून धाकट्या भावाला, भावजयीला, कामवाल्या बाईला सूचना द्यायला लागले. भावजय सोसायची. भाऊ म्हणायचा, "अक्का, ही शाळा न्हाई." मी म्हणायचे, "तेच तर दिसून राहिलंय."

अव्वाला हात उचलवत नव्हता. अप्पा आपली पूजा झाली की तिच्या खाटेशी जायचे, तिचं लिंग डबीतून काढायचे, तिच्या तळहातावर ठेवायचे आणि तिच्या हाताखाली आपला हात धरून बसायचे. मग दोन्ही लिंगं पुसून एका ताटात फडक्यावर ठेवायचे, आपलं डावीकडं, तिचं उजवीकडं, जरा वारं लागावं म्हणून. नंतर डब्यांत घालायचे.

त्या सकाळी मला डब्या काळ्या पडलेल्या दिसल्या. भेटायला माणसं येणार, नांदेडहून माझ्या शाळेतल्या बायका यायच्या होत्या, आणि मुख्याध्यापिकेच्या आईच्या गळ्यात कळकटलेली चांदी. मी दोन्ही डब्या न्हाणीघरात नेऊन रांगोळीनं खसाखसा घासल्या. फार चकचकीत झाल्या. मी त्यांच्याकडं कौतुकानं बघत असतानाच भावजयीनं हाक मारली. खाटेपाशी पोचले तर अप्पा अव्वाच्या छातीवर हात ठेवून बसले होते. ती गेली होती.

पुढचा अर्धा तास माझ्या हुशारीचा. भाऊ फोन करत सुटला, भावजय रडत होती, अप्पा हलत नव्हते. कुणीतरी म्हणालं, अय्यांना बोलवा, लिंग कुठाय बघा. मी होतेच. ताटाशी गेले, दोन लिंगं, दोन डब्या. डावीकडचं अप्पांचं, उजवीकडचं अव्वाचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. लिंगं डब्यांत ठेवून, दोरे बांधून, एक डबी अव्वाच्या गळ्यात घातली. तोवर अय्या काठी टेकत आले. ऐंशीचे असतील. दुसरी त्यांच्या हातात दिली, "अप्पांना द्या." त्यांनी ती अप्पांच्या गळ्यात घातली. सगळ्यांना वाटलं, अय्यांनीच सगळं विधीनं केलं. मलाही तसं वाटायला काही हरकत नव्हती.

दुपारी माती दिली. अव्वाला बसवलं, अय्यांनी डबी उघडून लिंग तिच्या डाव्या हातात ठेवलं, बोटं मिटवली, वरून भस्म, बेल, फुलं. अप्पांनी शेवटची मूठ टाकली. रडले नाहीत.

घरी येऊन सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. शेजारणीनं पिठलं-भाकरी पाठवली होती. अजून उजेड होता. अप्पा सकाळपासून उपाशी, तेव्हा भावजयीनं पाट मांडला. जेवणाआधी ते पूजेला बसले, डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं. आणि हात एकदा वर-खाली झाला. अगदी थोडा. मोंढ्यात हरभरा झेलावा तसा.

"हे माझं न्हाई," अप्पा म्हणाले.

भाऊ म्हणाला, "मग कुणाचं हाय?"

"तुझ्या अव्वाचं."

अव्वा लिंगैक्य झाली होती, फक्त लिंग तिचं नव्हतं.

मला त्या क्षणी काय दिसलं ते सांगते. मला ताट दिसलं. अप्पा खाटेच्या बाजूनं ताट ठेवायचे, म्हणजे त्यांची डावी बाजू भिंतीकडं. मी ताटाच्या पलीकडं, त्यांच्या समोरच्या बाजूला उभी होते. त्यांचं डावं ते माझं उजवं. आरशातल्या प्रतिमेत डावं-उजवं उलट होतं, हे मी बावीस वर्षं आठवीच्या वर्गाला शिकवलं होतं. परीक्षेला हमखास यायचं.

अप्पांनी अव्वाचं लिंग पुसलं, फडक्यात नीट ठेवलं, डबी बंद केली आणि ताट बाजूला सारलं. "पाणी तेवढं द्या," म्हणाले. लिंग हरवलेल्या माणसानं जेवायचं नसतं. सापडेपर्यंत नाही, नाही सापडलं तर कधीच नाही, असं जुनी माणसं सांगत. आता इतकं कडक कुणी धरत नाही. पण अप्पा जुनी माणसंच होते.

मी बोलायला तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं ना, तर बाहेर पडलं ते व्याख्यान. "अप्पा, दोन्ही एकाच प्रकारच्या दगडाची असतात. वर तीच काजळी, तेच तेल. वस्तुमानात पाच-दहा ग्रॅमचा फरक. तुम्ही थकला आहात, तुमच्या बीपीच्या गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत."

"अक्का, तू गप बस जरा," भाऊ म्हणाला. मग अप्पांकडं वळून, "अय्यांच्या हातनंच झालं असणार. डोळे कुठं राहिलेत आता त्यांचे. म्हातारा झालाय, तरी दुसऱ्याला पुढं होऊ देत न्हाई."

मी काहीच बोलले नाही. हे वाक्य मी चार वेळा लिहून चार वेळा खोडलंय. शाळेच्या प्रार्थनेनंतर रोज पाच मिनिटं सत्यावर बोलणारी मी, आणि तिथं मला एकदम चहाच्या कपबश्या विसळायची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा नेहमीच्या वेळी उठले, आंघोळ केली, कपाळाला भस्म लावलं, पाटावर बसले. समोर फडक्यात अव्वाचं लिंग. त्याला हात लावला नाही. तासभर नुसते बसून राहिले. मग पाणी प्यायले. भाऊ त्यांच्याजवळ उकिडवा बसला.

"अप्पा, एक बोलू का? माती अजून ओली हाय. अय्यांना घिऊन जातो. वरचं थोडं काढलं की हात—"

"न्हाई."

"तुमचं लिंग तिथं हाय, अप्पा."

"पन्नास वर्षं पहाटं चारला उठायची. आत्ता कुठं बसलीय. तिला उठवू नका."

भाऊ उठून बाहेर गेला आणि बराच वेळ मोटरसायकल पुसत राहिला. मग म्हणाला, लातूरहून नवीन लिंग आणतो, अय्यांकडून परत दीक्षा घेऊ, सगळे असंच करतात. अप्पांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तो गेला.

त्या दिवशी घरात पोटभर खाणारी मी एकटी होते. उपाशी राहिलं की मला पित्त होतं. भेटायला येणाऱ्या बायका केळी आणत होत्या. मी मागच्या खोलीत धान्याच्या कणगीआड उभं राहून ती एकामागोमाग एक खाल्ली आणि सालं पेपरात गुंडाळून परसात टाकली. पन्नास वर्षांची बाई, पन्नास मुलांच्या वर्गाला एका नजरेनं गप्प करणारी, कणगीआड केळं सोलतेय. मला स्वतःची दया आली, असंही आठवतंय. चूक कुणाची, उपाशी कोण, आणि दया कुणाची येतेय.

दुपारी अय्यांची सून दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. भावजयीला म्हणाली, "मामंजींनी कालपासनं काय खाल्लं न्हाई. म्हणून राहिलेत, सावकार उपाशी असताना माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. तुमच्या अप्पांना काय तरी करा म्हणावं. ऐंशी वर्साचं माणूस हाय."

म्हणजे आता दोन म्हातारे उपाशी होते आणि मी तिसरं केळं खात होते.

मी संध्याकाळपर्यंत मनात भाषण तयार केलं. सुरुवातीला परिस्थितीचं वर्णन, मध्ये मानवी चुकीचं स्वरूप, शेवटी क्षमायाचना. आरशाचा मुद्दाही घातला होता, कारण त्यामुळं चूक जरा शास्त्रीय वाटली असती. सांगायला अप्पांजवळ दोनदा गेले. एकदा ते डोळे मिटून होते. दुसऱ्यांदा उघडून होते, म्हणून मी परत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अय्या स्वतःच आले. सुनेचा हात धरून, पायरीवर दोनदा थांबत. भाऊ आदल्या दिवशीच लातूरहून लिंग घेऊन आला होता. प्लॅस्टिकच्या डबीत, कापसात गुंडाळलेलं. अप्पा उठले. दोन दिवसांच्या उपासानं भिंत धरून उठले, पण उठले. "शरणार्थ, अय्या," म्हणून त्यांनी अय्यांच्या पायावर डोकं ठेवलं. अय्यांना ते सहन झालं नाही.

"सावकार, नगा. गलती माझी हाय. हात थरथरून राहिलेत. कवा कुणाच्या डबीत काय घातलं, मला काय याद न्हाई. माझ्याच हातनं झालं असंल."

भाऊ जमिनीकडं बघत होता. त्याचंही तेच मत होतं, आणि ते आता खुद्द अय्यांच्या तोंडून आल्यावर त्याला लाज वाटत होती.

माझं भाषण कुठं गेलं कोण जाणे. "अय्यांनी नाही, मी घातलं," मी म्हणाले. "ताटाच्या पलीकडून. उलटं झालं."

"अक्का?" भाऊ म्हणाला.

मी वाट बघत उभी राहिले. अप्पा आता काय ते बोलतील, मी खाली मान घालीन, कदाचित रडेन, असं सगळं मांडलेलं होतं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं.

"डब्या तूच घासल्या होत्या न्हाई का?"

"हाव."

"लई चकचकीत झाल्या होत्या," ते म्हणाले आणि अय्यांकडं वळले. "अय्या, आता तुमी जेवून घ्या. तुमचं काय बी न्हाई यात."

झालं. दोन दिवस जिचं ओझं मी छातीवर घेऊन फिरत होते, ती माझी चूक एवढ्यावर संपली. मला बरं वाटायला हवं होतं. खरं तर थोडा अपमानच वाटला. मला वाटत होतं या गोष्टीच्या मध्यभागी मी आहे. मी तर कडेलाही नव्हते.

अय्या म्हणाले, "तुमी जेवल्याबिगर मी न्हाई. हे नवं आणलंय पोरानं. आन पाणी, आत्ताच देतो."

"माझं मला नवं मिळंल, अय्या. त्याची फिकीर न्हाई." अप्पांनी फडक्यातलं अव्वाचं लिंग समोर घेतलं. "हिचं काय करू, हे दोन दिस बघून राहिलो."

भाऊ म्हणाला, "विहिरीत सोडायचं, अप्पा. तसंच असतंय."

"हाव, तसंच असतंय," अय्या म्हणाले.

अप्पा बोलले ते अय्यांशी, पण आवाज मोंढ्यात माल दाखवताना असायचा तसा, सरळ.

"माझ्या देवाला रोज एक तास मिळाला. तिच्या देवाला दोन मिनटं, ते बी तव्यावरच्या भाकरीकडं बघत. त्या देवाला कदी फुरसतच मिळाली न्हाई. बावन्न वर्सं मी बघून राहिलो आन एकदा बी म्हणलो न्हाई, की तू बस, भाकर मी उलटतो. आता त्याला विहिरीत टाकू?"

अय्यांची सून पदर तोंडाला लावून उभी होती. अय्या म्हणाले, "दुसऱ्याचं लिंग घालणं शास्त्रात न्हाई, सावकार."

"मालूम हाय. म्हणून तर उपाशी हाय. माझं तिच्या हातात गेलंय, तर जाऊ द्या, तिला संगत व्हईल. तिचं माझ्यापाशी राहू द्या. शास्त्र मोडल्याचं जे काय असंल ते माझ्यावर. पण तुमी हो म्हणल्याबिगर मी हातावर घेणार न्हाई."

हे शेवटचं वाक्य मला त्या वेळी कळलं नाही. मी मनात म्हटलं, अहो, घ्यायचं तर घ्या ना, विचारता कशाला. मी स्वतः कधी कुणाला विचारून काही काढलं नव्हतं की घातलं नव्हतं. नियम मोडायचा तर तोऱ्यात मोडायचा, एवढंच मला येत होतं. नियमासमोर दोन दिवस उपाशी बसून, त्याला हात जोडून, मग मोडण्याची परवानगी मागायची, हा प्रकार मी बघितलाच नव्हता.

अय्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डुलकी लागली. मग म्हणाले, "तुमाला दीक्षा माझ्या बापानं दिली. अव्वा लगीन होऊन आल्या, तवा त्यांना बी त्यानंच दिली. दोघांच्या कानात मंत्र एकच सांगितला त्यानं. मग माझ्याच्यानं न्हाई म्हणवत न्हाई." त्यांनी अव्वाचं लिंग उचललं, पाणी घातलं, भस्म लावलं आणि अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. "आन कुणी शास्त्र विचारलं, तर सांगा, अय्या म्हातारा झालाय, त्याला याद न्हाई."

अप्पा हसले. अव्वा गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण हातात देव होता.

पूजा झाली. भावजयीनं गरम भात केला, वरण, थोडं तूप. दोघं म्हातारे समोरासमोर बसून जेवले. सावकाश, लहान लहान घास, दोन दिवसांचं पोट सांभाळत. अप्पांनी मला हाक मारली, "तू बी बस की."

"मला भूक नाही, अप्पा."

"केळी झाली असतील," ते म्हणाले आणि वरणात भात कालवत राहिले.

लातूरहून आणलेलं ते लिंग पुढं भावाच्या धाकट्याच्या दीक्षेला कामी आलं. अय्या चार वर्षांनी गेले. मी निवृत्त झाले, आजी झाले, नांदेडला राहते आणि महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं उदगीरला जाते, अप्पांना बघायला. अठ्ठ्याऐंशीचे आहेत. आडत भाऊ बघतो. मोंढ्यात आता कुणी त्यांच्या हाताला विचारत नाही, पण घरी आलेल्या तुरीची डाळसुद्धा ते आधी हातावर झेलून बघतात.

लोक विचारतात, तुम्ही आता मानता का हे सगळं? खरं सांगू, मला अजून नीट माहीत नाही. मी चुंबक लावून बघितलं होतं, त्याला काही चिकटलं नाही, हे खरंच आहे. पण अप्पांना मानते. श्रद्धाळू माणसं मी पुष्कळ बघितली, त्यांतली बरीचशी श्रद्धेमुळं ताठ होतात. अप्पा वाकत गेले. आणि त्यांचं वाकणं म्हणजे काय, ते सांगून थांबते.

तासाची पूजा त्यांनी सोडलेली नाही. उलट आता सव्वा तास लागतो. पण तुरीवर पाऊस पडला तरी न हलणारा तो माणूस आता पूजेतून उठतो. दाराची कडी वाजली तर उठतो, दूध उतू चाललं तर उठतो, माझी नात खेळता खेळता पडली तर लिंग ताटात ठेवून, तिला उचलून, फुंकर घालून, परत हात धुऊन बसतो. मी एकदा विचारलंच, "अप्पा, देवासमोर बसलेला माणूस उठत नसतो ना?"

"ते माझ्या देवाचं होतं," म्हणाले. "या देवाला सवय हाय."

गेल्या महिन्यात गेले होते. भावजय गावाला, स्वयंपाक माझ्याकडं. अप्पा खांबाला टेकून बसले होते, डोळे तळहातावर, ओठ हलत होते. मी दारात मोबाईलवर नातीचे फोटो बघत बसले होते, आणि आत कुकर ओरडून राहिला होता.

"तीन झाल्या," अप्पा म्हणाले, तळहातावरची नजर न काढता. "बंद कर, न्हाईतर मी उठतो."

मी उठले.